आम्ही येईपर्यंत पंख कापू नका
(जुनी लष्करी विमानं, त्यांचे सांगाडे आणि सुटे भाग हलवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

फोनवर पहिलंच वाक्य बऱ्याचदा असं असतं: "विमान तयार ठेवलंय, तुम्ही फक्त ट्रेलर पाठवा." "तयार ठेवलंय" म्हणजे काय, ते आता विचारावं लागत नाही. कुणीतरी गॅस कटर लावून दोन्ही पंख मुळाशी तोडलेले असतात. हेतू वाईट नसतो. मोठी क्रेन लागू नये, भाडं वाचावं, एवढाच विचार असतो. पण दुपारभरात उरकलेल्या या कापाकापीने पुढचं काम काही महिने लांबतं आणि तो खर्च तुमच्याच बिलात चढतो. म्हणून हे पत्रक.

सागवानी कपाट जिन्यातून जात नाही म्हणून कोणी करवतीने कापत नाही, स्क्रू काढतो. विमानाचंही तसंच आहे. ते कारखान्यात तुकड्यांतच बनतं आणि जोड कुठे आहेत ते ठरलेलं असतं. डकोटा या जुन्या मालवाहू विमानाचा पंखविस्तार 29 मीटर, पण बाहेरचे दोन्ही पंख मधल्या भागाला बोल्टांच्या रांगेने धरलेले असतात. स्पिटफायर या लढाऊ विमानाचा एकेक पंख मुख्य स्पारवर (पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईवर) सात बोल्टांनी आणि मागे एका बोल्टने बसतो. हे बोल्ट निघाले की पंख सुटतो आणि पुढे जोडायचा झाला तर त्याच भोकांत बसतो. कापलेला पंख कुठेच बसत नाही.

गॅस कटरचं आणखी एक आहे. त्याने पोलाद छान कापतं, कारण ऑक्सिजनच्या झोतात लोखंड अक्षरशः जळतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. धातू 660 अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंश ओलांडले तरी टिकतो. त्यामुळे नीट काप पडत नाही, धातू आतून वितळून लोंबतो. शिवाय विमानाच्या मिश्रधातूला जी ताकद असते ती ठरावीक उष्णता देऊन आणलेली असते. ज्योत लागली की कापाच्या दोन्ही बाजूंना बरंच अंतर ती ताकद निघून जाते. वरून पत्रा ठीक दिसतो, पण स्पार गेलेला असतो. टाकीत जुन्या इंधनाची वाफ असेल किंवा चाकात, इंजिनाच्या आवरणात मॅग्नेशियम असेल, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पेटलेलं मॅग्नेशियम पाण्याने विझत नाही, उलट भडकतं.

"मग ग्राइंडरने कापू का?" असंही विचारतात. उष्णता कमी लागेल, पण जागा चुकीचीच राहील.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बोल्ट गंजलेत, निघत नाहीत. निघतात, फक्त एका दिवसात निघत नाहीत. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की भोवती पांढरी भुकटी धरते आणि तो जाम होतो. त्यावर तेल सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं, हलकी ठोक द्यायची, पाना लावून पाहायचा. अगदीच हटून बसला तर डोकं ड्रिलने उडवून दांडा बाहेर काढायचा. तोवर सांगाड्याखाली ओंडके आणि जॅक लावलेले असतात, नाहीतर एक पंख सुटल्यावर विमान दुसऱ्या कुशीवर कलंडतं. प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक बोल्ट क्रमांक घातलेल्या पिशवीत. आमचे खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे कामगार, "नुसते बसलेत" असं ग्राहकाला वाटतं ते याच काळात. मजुरी वाढवायला आम्ही बसत नाही. तेल मुरायला वेळ लागतो.

दुर्गम जागेची कामं हल्ली जास्त विचारली जातात. दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेताना पडलेल्या अमेरिकी विमानांचे अवशेष अरुणाचलाच्या जंगलांत आजही आहेत. पासीघाटला त्यावर संग्रहालयही झालं आहे. इंटरनेटवर फोटो पाहून लोक विचारतात, हे आणून द्याल का? आधी हे लक्षात घ्या: सापडलं म्हणजे आपलं झालं असं नाही. विमान कोणत्या देशाचं, जमीन कोणाची, वनखात्याचं म्हणणं काय, आत माणसं होती का, याची उत्तरं लेखी लागतात. रोहतांगजवळ 1968 मध्ये 102 जणांसह बेपत्ता झालेल्या आपल्या हवाई दलाच्या एएन-12 या मालवाहू विमानाचे अवशेष 2003 मध्ये दिसले. त्यातल्या चार जवानांचे देह 2024 मध्ये हाती आले. अशा जागी आम्ही पाना लावत नाही, तिथे काम लष्कराचं.

कागद अर्धवट ठेवून उचललं तर काय होतं, हे पापुआ न्यू गिनीतल्या 'स्वॅम्प घोस्ट'ने दाखवलं. 1942 मध्ये दलदलीत उतरलेलं ते बी-17 बॉम्बर 2006 मध्ये बाहेर काढलं गेलं आणि मालकीच्या वादात 2010 पर्यंत तिथल्याच बंदरात पडून राहिलं.

हेलिकॉप्टरने उचला, हा सल्लाही नेहमी मिळतो. रिकामी डकोटाच साडेसात टनांच्या वर भरते. एमआय-17 हेलिकॉप्टर लटकवून चारेक टन नेतं, विरळ हवेत त्याहून कमी. शिवाय पंख लटकवून नेला की वाऱ्यात तो उडू पाहतो, म्हणून वर आडव्या फळ्या बांधून त्याची उचल मारावी लागते. थोडक्यात, तुकडे करावेच लागतात, पण जोडावर. ग्रीनलंडच्या हिमनदीत 80 मीटरहून खोल गाडलेलं 'ग्लेशियर गर्ल' हे पी-38 विमान 1992 मध्ये गरम पाण्याने वितळवलेल्या विहिरीतून असंच भागाभागाने वर आणलं आणि 2002 मध्ये ते पुन्हा उडालं. त्याच ग्रीनलंडमध्ये 'की बर्ड' हे बी-29 बॉम्बर जागेवरच दुरुस्त करून उडवत न्यायचं ठरलं होतं. 1995 मध्ये धावपट्टीकडे नेतानाच आतल्या इंधनगळतीने ते जळून गेलं. "तिथूनच उडवून आणू" म्हणणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो.

समुद्रातून काही निघालं तर ते सुकू देऊ नका. हवा लागली की मिठाने खाण्याचा वेग वाढतो. इंग्लंडमध्ये 2013 ला समुद्रातून काढलेलं डॉर्नियर बॉम्बर सायट्रिक ॲसिडच्या पातळ फवाऱ्याखाली दीर्घकाळ ठेवावं लागलं. मुंबईच्या हवेतही तेच मीठ आहे, वेग थोडा कमी इतकंच. पावसाळ्याआधी रंगाचा हात मारून गंज थांबत नाही, रंगाखाली लपतो.

कॉकपिटमध्ये मुलांना बसवून फोटो काढू नका. जुन्या डायलवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असू शकतो आणि जेट विमानात आसन उडवणारी काडतुसं शिल्लक असू शकतात. ती निकामी केल्याचा दाखला मिळेपर्यंत आमचा माणूसही आत चढत नाही.

आमचा दर किलोवर नसतो. भंगारवाल्याचा भाव काढून घासाघीस करू नये. तो विमान घेतो ते तोडायला. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी 2011 मध्ये भंगारातून सोडवलेली डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन 2018 मध्ये हवाई दलात आली, हे सुज्ञांना आठवत असेल. पाहणीचं शुल्क आम्ही वेगळं घेतो, पण काम आम्हाला दिलंत तर ते बिलातून वजा होतं. पाहणीशिवाय आकडा सांगणारा माणूस पुढे वाढीव बिल पाठवतो, असा आमचा तरी समज आहे.

विचारणा करताना पंखाच्या मुळाचे, शेपटीवरच्या क्रमांकाचे आणि रस्त्यातल्या सर्वांत अरुंद वळणाचे फोटो पाठवा. विमानावरची नावाची पट्टी काढून घरी नेऊ नका, त्याची ओळख तिच्यावरच असते. शहरात ट्रेलर रात्रीच चालतो आणि ओडीसीची (नेहमीच्या मापाबाहेरच्या मालाची) परवानगी आम्ही काढतो, पण सोसायटीच्या किंवा शाळेच्या फाटकाची रुंदी तुम्हीच मोजून कळवा. पावसाळ्यात कोकणातली आणि ईशान्येकडची कामं आम्ही घेत नाही. त्या काळात कागदपत्रं आणि पेट्या बनवणं चालू असतं. दिवाळीनंतरची तारीख हवी असेल तर गणपतीआधी सांगा.