पॅक-मॅनचं कॅबिनेट आणि मधले पन्नास मिलिसेकंद

पॅक-मॅन या व्हिडिओ गेममध्ये एक पिवळा गोळा भुतांना चुकवत गल्ल्यांमधले ठिपके गिळत धावतो. त्याच्या मूळ यंत्राचा पडदा सेकंदाला ६०.६ वेळा नव्याने रंगतो. हा अपूर्णांक कुठून आला ते कळलं, की जुन्या आर्केड यंत्राची, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्राची, प्रतिकृती करताना आपण नेमकं काय पुन्हा बांधतो आहोत हे लक्षात येतं.

१९८० साली जपानच्या नामको कंपनीने हा खेळ आणला. त्याच्या बोर्डावर १८.४३२ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल असतो. त्याला ३ ने भागून ६.१४४ मेगाहर्ट्झ मिळतात आणि त्या लयीत पडद्यावर एकेक पिक्सेल उमटतो. आणखी २ ने भागलं की ३.०७२ मेगाहर्ट्झ, हा झेड-८० प्रोसेसरचा वेग. पडद्यावरच्या एका रेषेला ३८४ पिक्सेलांचा वेळ दिलेला आहे, पण दिसतात त्यातले २८८. उरलेल्या वेळात पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या रेषेच्या सुरुवातीला परततो. अशा २६४ रेषांचं एक चित्र होतं आणि त्यातल्या २२४ रेषा दिसतात. ६१,४४,००० ला आधी ३८४ ने आणि मग २६४ ने भागा: ६०.६०६. भुतांची चाल, गिळण्याचा आवाज, फळ किती वेळ दिसतं ते, सगळं या एका क्रिस्टलच्या कंपनांना बांधलेलं आहे.

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी असं कॅबिनेट, म्हणजे पडदा आणि जॉयस्टिक बसवलेलं उभं लाकडी खोकं, करायचं ठरलं, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी लाकडाचं विचारायचा. उंची किती, पिवळा रंग कुठला, बाजूचं चित्र कोण काढणार. चौकशी रास्तच होती, कारण पावणेसहा फुटांच्या आसपासचं ते धूड डोळ्यांत भरतंच. पण माझ्या मते कॅबिनेट अस्सल झालं की नाही, याचा निकाल हात आणि डोळा यांच्यामधल्या वेळात लागतो.

पॅक-मॅन पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे ७५ पिक्सेल धावतो, म्हणजे एका पिक्सेलला साधारण १३ मिलिसेकंद. वळण तीन-चार पिक्सेलांवर असतानाच जॉयस्टिक वळवली, तर तो कोपरा तिरका कापतो. भुतांना ही मुभा नाही. ती ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकटीच्या मध्यावर येऊनच वळतात. म्हणून तरबेज खेळाडू प्रत्येक कोपऱ्यावर भुतापासून थोडा थोडा दूर जातो. ही सगळी सवलत वेळेत मोजली तर ४० ते ५० मिलिसेकंदांची आहे.

आता घाईने जोडलेल्या कॅबिनेटमध्ये काय होतं ते पाहा. संगणक यूएसबीवरच्या जॉयस्टिकला सहसा दर ८ मिलिसेकंदांनी विचारतो, ‘काही हललं का?’ इम्युलेटर, म्हणजे जुन्या बोर्डाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, एखाद-दुसरं चित्र हाताशी राखून ठेवतो. तिथे १७ ते ३३ मिलिसेकंद जातात. घरचा एलसीडी टीव्ही चित्र ‘सुधारण्यासाठी’ आणखी वेळ खातो. बेरीज सहज पन्नासच्या वर जाते आणि कोपऱ्याची सवलत संपते. खेळ तोच दिसतो, पण भूत पाठीवर येऊन बसतं आणि खेळणाऱ्याला वाटतं, आपला हातच गेला.

त्यामुळे काम हातापासून सुरू करावं. पॅक-मॅनची जॉयस्टिक चार दिशांची. आज दुकानात मिळते ती बहुतेक आठ दिशांची, जी कोपऱ्यात ढकलली की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि वर जायचं की उजवीकडे हे खेळाला कळत नाही. बऱ्याच जॉयस्टिकच्या तळाला दांड्याची हालचाल अडवणारी चौकोनी पट्टी असते. ती ४५ अंशांत फिरवता येत असेल तर तिरक्या दिशा बंद होतात. एवढ्या एका बदलाने खेळ जितका सुधारतो, तितका महागडा मॉनिटर आणूनही सुधारत नाही.

जॉयस्टिकखालच्या मायक्रोस्विचमध्ये एक ताणलेली पातळ पट्टी असते. ठरावीक बिंदूपर्यंत दाबलं की ती एकदम पलटी मारते आणि ‘टिक्’ असा आवाज येतो. पलटी वेगवान असली तरी धातू धातूवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतो, आणि प्रोसेसरला एका दाबाऐवजी चार-पाच दाब दिसतात. यावर नेहमीचा उपाय म्हणजे थरथर शमेपर्यंत थांबायचं आणि मगच दाब मोजायचा. तो सोपा आहे, पण त्यात वेळ जातो. मला उलटी रीत पटते: पहिला स्पर्श होताच दाब मान्य करायचा आणि पुढचे काही मिलिसेकंद त्या स्विचकडे लक्षच द्यायचं नाही. स्वतः प्रोग्रॅम करता येणारी छोटी संगणक-चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, वापरला तर हे जमतं. शिवाय संगणकाने दर ८ ऐवजी दर १ मिलिसेकंदाला चौकशी करावी, असंही त्यात लिहिता येतं.

इथे गोव्याची हवा मध्ये येते. मायक्रोस्विचचे संपर्कबिंदू बरेचदा चांदीचे असतात. दमट, खारट हवेत त्यांच्यावर संयुगांचा पातळ थर चढतो. मोटर किंवा दिव्याचा भरपूर प्रवाह असेल तर तो थर भेदला जातो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर मात्र आतला रोध ५० हजार ओहमच्या आसपास असतो, ३.३ व्होल्टवर जेमतेम ०.०७ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि त्याला तो थर फोडता येत नाही. मग ऐन पावसाळ्यात जॉयस्टिक डावीकडे कधी वळते, कधी वळत नाही, आणि स्विच उघडून पाहिला तर आत सगळं ठीक दिसतं. सोन्याचा मुलामा असलेले स्विच हा उत्तम उपाय. ते मिळाले नाहीत तर प्रत्येक पिनला बाहेरून १ हजार ओहमचा रोध ३.३ व्होल्टला जोडावा. प्रवाह तीन मिलिअँपिअरच्या वर जातो आणि संपर्क बराच भरवशाचा होतो. रोध अगदी स्वस्तात मिळतो. तो न जोडता कुणी कॅबिनेट बंद करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

आता डोळ्याची बाजू. साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, खेळ ६०.६ बनवतो. दर पावणेदोन सेकंदांच्या आत एक चित्र जास्तीचं ठरतं. ते टाकून दिलं तर भूत चालता चालता किंचित अडखळतं. खेळच बरोबर १ टक्का हळू चालवला तर चाल गुळगुळीत राहते, पण स्वर एका अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या हिश्शाने उतरतो. मी दुसरा मार्ग धरेन, कारण डोळा अडखळणं पकडतो आणि कान इतका उतार सहसा सोडून देतो. काही मॉनिटर ६१ हर्ट्झपर्यंतचा संकेत मुकाट्याने घेतात. तसा मिळाला तर दोन्ही दुखणी मिटतात.

जुन्या पिक्चर ट्यूबचा मोह सर्वांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे. तिथे चित्र साठवून ठेवणारं काही मध्ये नसतं. झोत जिथे पडतो तिथे त्या क्षणी उजेड होतो. पण पॅक-मॅनसाठी ट्यूब कुशीवर उभी करावी लागते. तसं केलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तिचा कोन बदलतो, रंग कडेला डागाळतात आणि आतल्या धातूच्या जाळीचं चुंबकत्व नव्याने घालवावं लागतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे रंगीत ट्यूबमध्ये वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ती विद्युतभार धरून ठेवते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय तिला हात लावू नये.

लाकडाबद्दल आमच्या सुतार मेस्तांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “एमडीएफ नको. चवथीपर्यंत फुगेल.” त्यांचं बरोबर आहे. एमडीएफमध्ये लाकडाचे तंतू दाबून बसवलेले असतात. पाणी शिरलं की ते मोकळे होऊन जाडी वाढते, आणि वाळल्यावरही ती पूर्ण उतरत नाही. लाकूड धाग्याच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवं मात्र बरंच फुगतं. प्लायमध्ये प्रत्येक थर मागच्याला काटकोनात असल्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय घ्यावा, १८ मिमीचा. त्याच्या कापलेल्या कडा हीच पाणी शिरायची वाट, म्हणून त्यांना सीलर लावावा आणि प्लास्टिकची कडपट्टी ज्या खाचेत ठोकायची त्या खाचेतही तो आधी भरावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

पावसाळ्यात आपल्याकडे कपाटात बल्ब लावून ठेवतात, तेच इथेही करावं. २७ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण ते धरून ठेवण्याची हवेची ताकद वाढते. आतला पॉवर सप्लाय थोडी उष्णता देतोच. वर-खाली जाळीची भोकं ठेवली तर तोच काम करतो. यंत्र आठवडाभर बंद राहणार असेल तर मात्र बल्ब हवा.

सगळं जोडून झालं की मोजमाप करावं, आणि त्याला मोबाइल पुरतो. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन घ्या. एक चित्र म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. पॅक-मॅन सरळ गल्लीत धावत असताना जॉयस्टिक उलट दिशेला मारा. वळणाला कोपरा लागतो, पण मागे फिरायला लागत नाही, म्हणून हीच चाचणी चोख ठरते. दांडा स्विचवर टेकल्यापासून पॅक-मॅन फिरेपर्यंत किती चित्रं गेली ती मोजा. १२ निघाली तर ५० मिलिसेकंद झाले. त्याहून जास्त असतील तर आधी मॉनिटरचं चित्र ‘सुधारणं’ टाळणारा गेम मोड चालू करा, मग इम्युलेटर किती चित्रं राखून ठेवतो ते कमी करा, आणि पुन्हा मोजा.