डुकरं पुरून मग दवाखान्यात येऊ नका: आफ्रिकन स्वाइन फीवरची भरपाई कुणाला मिळते

जनावर मेलं की भरपाई मिळते असं समजून लोक येतात आणि हात हलवत परत जातात. ही भरपाई मेलेल्या डुकराची नाहीच. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग पक्का झाल्यावर सरकारी पथकाने जी डुकरं मारली (कागदावर ‘कलिंग’), तेवढ्यांचीच मिळते. मागे एकजण मोबाइलमध्ये खड्ड्यांचे फोटो घेऊन आला. तीन आठवड्यांत एकेक करत सत्तावीस पुरली, तेव्हा कुठे जनावरांचा दवाखाना आठवला. शेडमध्ये चार उरली होती. पैसे चारांचेच.

म्हणून ताप, कान-पोट लाल-जांभळं पडणं, खाणं सोडणं दिसलं की त्याच दिवशी कळवा. २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्याने हे मालकावर बंधनच आहे. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करा, पण ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात लेखी अर्जही द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणालाच आठवत नाही. मेलेलं जनावर घरी चिरू नका, रक्तातून विषाणू शेडभर होतो. नमुना सरकारी डॉक्टरच घेतील. देशात या रोगाच्या निदानाची मुख्य प्रयोगशाळा भोपाळला आहे, तेव्हा अहवालाला वेळ लागतो. तोवर एकही डुक्कर विकू नका.

दुसरा घोळ किलोमीटरचा. बाधित शेडपासून १ किमीच्या आतली सगळी डुकरं मारतात, धडधाकट असली तरी, आणि त्यांची भरपाई मिळते. १० किमीपर्यंतच्या पट्ट्यात फक्त पाहणी आणि विक्री-वाहतुकीवर बंदी. या पट्ट्यातल्यांचा धंदा बसतो आणि हातात काही येत नाही. हा अन्याय वाटतो, मलाही वाटतो, पण त्यासाठी भरपाईचा फॉर्म भरून उपयोग नाही.

केंद्राचे दर वजनावर आहेत: १५ किलोपर्यंत २,२०० रुपये, ४०पर्यंत ५,८००, ७०पर्यंत ८,४००, १००पर्यंत १२,००० आणि त्यापुढे १५,०००. म्हणजे ९८ आणि १०२ किलोत तीन हजारांचा फरक. पथक घाईत असतं, नजरेनेच वजन लिहून मोकळं होतं. काटा लावायला सांगा. पंचनाम्यावर सही करण्याआधी डुकरांचा आकडा आणि वजन दोन्ही वाचा, नंतर कुणी बदलून देत नाही.

आधार आणि पासबुक सगळ्यांकडे असतं. नसतो तो डुकरं आपलीच होती याचा पुरावा. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळणाऱ्यांकडे सातबारा कुठून येणार? तरी टेबलावरून तोच प्रश्न येतो. यावर उपाय आधीच करायचा: कानात बिल्ला मारून घ्या आणि ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत आपल्या नावाने नोंद करा. शेड वडिलांच्या नावावर, बिल्ले मुलाच्या आणि खातं सुनेचं, अशी फाइल महिनोन्‌महिने फिरते.

आणि लसीचा दाखला अर्जाला जोडू नका. ती लस क्लासिकल स्वाइन फीवरची. दोन्ही रोगांची लक्षणं सारखी दिसतात, विषाणू मात्र वेगळे. ती लस जरूर टोचा, पण आफ्रिकनवर तिचा काही उपयोग नाही, आणि त्यावरची लस आपल्याकडे दवाखान्यात मिळत नाही. हॉटेलचं खरकटं न उकळता घालणं बंद केलंत, तरी बराच धोका टळेल.