झाडाला झालेला नायटा

मागच्या श्रावणात वरुड तालुक्यात मामांच्या संत्राबागेत गेले होते. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता. बागेच्या टोकाला पंचवीस वर्षांची जुनी झाडं आहेत. त्यातल्या एकापाशी मामा थांबले, खोडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे पाय बरं पोरी. झाडाले नायटा झाला का काय? औंदा लयच वाढला."

खोडावर खरोखरच नायट्यासारखे गोल चट्टे होते. काही रुपयाच्या नाण्याएवढे, काही तळहाताएवढे. मध्ये राखाडी, कडेला फिकट नक्षी, आणि पावसानं भिजल्यामुळे सगळ्यांवर हिरवट झाक. संत्रा उत्पादकाच्या मनात अशा वेळी दोनच शंका येतात, कोळशी किंवा डिंक्या. पण कोळशीनं पानं-फळं काळी पडतात आणि बोटाला काजळी लागते. डिंक्यानं साल तडकून डिंक गळतो. इथं काहीच गळत नव्हतं. मी नखानं एक चट्टा हलकेच खरवडला. वरच्या राखाडी पापुद्र्याखाली गर्द हिरवी रेघ दिसली आणि त्याखाली झाडाची साल धडधाकट.

"मामा, हा रोग नाही. हे दगडफूल होय."

मामींना हसू आलं. त्यांच्या वऱ्हाडी मसाल्यात दगडफूल असतं. तेलात पडेपर्यंत त्याला धड वासही येत नाही, आणि तेलात पडलं की सगळं घर दरवळतं. मसाल्याचं दगडफूल वेगळ्या जातीचं, मोठ्या पाकळ्यांचं. ते डोंगराळ, दमट जंगलांतून येतं आणि नावात दगड असला तरी बरंचसं झाडांच्या सालीवरूनच काढलेलं असतं. पण दोन्ही दगडफुलंच. आयुर्वेदात त्याला शैलेय म्हणतात, मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत शैवाक. शाळेत आम्ल ओळखायला वापरलेला लिटमस कागद आठवतो? त्याचा रंगही मुळात दगडफुलांतूनच काढत.

दगडफुलाला मूळ नसतं. ते सालीला फक्त चिकटून असतं, झाडाच्या रसातलं काही ओढत नाही. मग ते मरगळलेल्या झाडावरच जास्त का दिसतं? झाडाची पानं विरळ झाली की खोडावर ऊन पोचतं, वाढ मंदावली की साल लवकर बदलत नाही. ऊन आणि न हलणारी जागा मिळाली की दगडफूल पसरतं. झाड खचल्यामुळे ते आलेलं असतं. त्याच्यामुळे झाड खचत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे, कारण चट्टे घासत बसलं की खरा आजार मुळाशी तसाच राहतो.

मग हा जीव आहे तरी कोण? १८६७ मध्ये सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं सांगितलं की दगडफूल ही एक वनस्पती नाहीच. ती एक बुरशी आणि तिच्या धाग्यांत अडकलेलं शेवाळ, अशी जोडी आहे. त्या काळच्या दगडफूल-अभ्यासकांनी त्याला वेड्यात काढलं. आयुष्यभर ज्याला एकेक जात म्हणून नाव दिलं, ते दोन परक्या जीवांचं बिऱ्हाड निघावं हे त्यांना सहन होईना. पण श्वेंडेनरचं म्हणणं खरं निघालं. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर साखर तयार करतं आणि तीच बुरशीचं अन्न. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांत हीच गोष्ट होती.

२०१६ मध्ये तिला धक्का बसला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या जंगलात झाडांवरून केसांसारखी लोंबणारी दोन दगडफुलं मिळतात. एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ते खात आले आहेत. दुसरं पिवळसर आणि विषारी. टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, तर दोघांतली बुरशी तीच आणि शेवाळही तेच. मग विष आलं कुठून? उत्तर सापडलं ते बाहेरच्या आवरणात. तिथं एका वेगळ्याच गटातलं किण्व, म्हणजे यीस्ट, राहत होतं, आणि विषारी दगडफुलात त्याची संख्या कितीतरी जास्त होती. जगभरातल्या इतर दगडफुलांतही त्याचे जातभाई सापडले. दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही हा तिसरा कुणाच्या डोळ्यात आला नव्हता.

मला या प्रकरणातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. वर्तमानपत्रांनी लगेच 'दोघांचं नव्हे, तिघांचं घर' असं ठरवून टाकलं. २०१९ मध्ये जेम्स लेंडेमर आणि सहकाऱ्यांनी ३३९ जातींच्या दगडफुलांची जनुकीय सामग्री तपासली. ते किण्व फार थोड्या जातींत निघालं. म्हणजे ते काही घरांत आहे, सगळ्या घरांत नाही. २०२४ मध्ये जगभरातल्या चारशेहून अधिक नमुन्यांचा अभ्यास झाला. त्यात जीवाणूंची काही ठरावीक घराणी पुन्हापुन्हा भेटली. बुरशी पाटील आणि शेवाळ शेतकरी एवढ्यावर हे गाव चालत नाही, यात बलुतेदारही आहेत. प्रत्येकाचं नेमकं काम काय, यावर आता संशोधन चाललं आहे.

मामांना या सगळ्यापेक्षा दुसराच प्रश्न पडला. "मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जाते. हे नाजूक पोर जगते कसं?"

याचं उत्तर ओटो लांगे या जर्मन शास्त्रज्ञानं १९५३ मध्येच शोधून ठेवलं आहे. दगडफुलाला स्वतःचं पाणी राखता येत नाही. हवा कोरडी झाली की तेही कोरडं होतं, पापडासारखं कडकडीत. त्या अवस्थेत त्याचे सगळे व्यवहार बंद असतात, पण ते मेलेलं नसतं. लांगेनं अशी वाळलेली दगडफुलं अर्धा तास तापवली. ७० अंशांतही ती टिकली, काही तर त्याहून बऱ्याच वरच्या तापमानातही. तीच दगडफुलं भिजवून तापवली, तर साधारण ३५ ते ४५ अंशांतच मेली. वैशाखाचा वणवा आपल्या दगडफुलाला झोपेत असताना गाठतो, म्हणून ते वाचतं. पहिल्या पावसाचे थेंब पडले की काही मिनिटांत ते फुगतं. वरचा पापुद्रा पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं शेवाळ डोकावतं. त्या सकाळी मामांना चट्टे 'वाढल्यासारखे' वाटले, ते बरेचसे यामुळेच. वर्षाला काही मिलिमीटर एवढीच त्यांची वाढ.

त्याची खरी अडचण पावसाळ्यातल्या उकाड्याच्या रात्री आहेत. ओलं दगडफूल जागं असतं. दिवसा ते साखर कमावतं, रात्री ऊन नसल्यामुळे फक्त श्वसन करून ती खर्च करतं. रात्र जितकी गरम, तितका खर्च जास्त. पनामातल्या सखल जंगलात मोजणी झाली, तेव्हा दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा रात्रीच उडून जातो असं दिसलं. उष्ण प्रदेशातल्या मैदानांत मोठ्या पाकळ्यांची दगडफुलं कमी का, याचं हे एक कारण. वरुडच्या खोडावर चपटे चट्टे आणि चिखलदऱ्याच्या थंड, धुक्याच्या उंचीवर भरघोस दगडफुलं, हा फरक यातून उलगडतो. रात्रीचं तापमान वाढत चाललं आहे, त्याचा फटका या जीवांना मे महिन्यात नाही, श्रावण-भादव्यात बसणार.

त्यांना बदलायला वेळ तरी आहे का? दगडफुलांत सर्वात जास्त आढळणाऱ्या शेवाळाच्या कुळाचा, ट्रेबॉक्सियाचा, वंशवृक्ष शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये तपासला. त्याची हवामानाची पसंती एका अंशानं सरकायला दहा लाख वर्षांच्या आसपास लागतात, असं त्यातून निघालं. आपण तेवढाच बदल एका शतकात घडवून आणला.

हवेच्या बाबतीतही हा जीव तितकाच उघडा आहे. मूळ नाही, पानावर असतो तसा मेणाचा थर नाही. पावसातून, धुळीतून जे येईल ते थेट आत. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या फिनिश दगडफूल-अभ्यासकानं पॅरिसमध्ये पाहिलं की दगडफुलं शहरातून नाहीशी होत आहेत, पण लक्झेंबर्ग बागेत अजून टिकून आहेत. हवेचा दर्जा त्यानं त्यांच्यावरून जोखला. हाच नायलँडर श्वेंडेनरचा कट्टर विरोधक होता. एका गोष्टीत चुकलेला माणूस दुसऱ्या गोष्टीत काळाच्या पुढे होता. पुढे कोळशाच्या धुरातल्या सल्फर डाय-ऑक्साइडनं त्या बागेतलीही दगडफुलं गेली, आणि बऱ्याच काळानं धूर कमी झाल्यावर परत येऊ लागली.

आपल्याकडे चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत. म्हणून विदर्भातल्या खोडांकडे नीट पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण 'दगडफूल आहे म्हणजे हवा शुद्ध' हे अर्धवट ज्ञान आहे. काही जातींना धूळ आणि अमोनिया आवडतात. गोठ्याजवळच्या कडुनिंबावर त्याच दिसतील. पिक्सिने कोकोस ही मैदानी भागातल्या आंब्यांवर सर्रास आढळणारी जात धुरा-धुळीतही तग धरते आणि हवेतले जड धातू अंगात साठवते. म्हणून लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्रदूषण मोजायला तिचा उपयोग केला. प्रश्न दगडफूल आहे की नाही हा नाही, कोणतं आहे हा आहे. महाराष्ट्रात या कामाची परंपरा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहे. तिथं पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी पश्चिम घाटातल्या कितीतरी जातींची नोंद केली.

बागेतून परतताना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय घसरला. न नांगरलेल्या मातीवर पावसानं काळपट हिरवा थर फुगला होता. निळं-हिरवं शेवाळ, दगडफुलं आणि शेवाळी वनस्पती मिळून मातीवर अशी साय धरतात. जगाच्या जमिनीच्या सुमारे १२ टक्के भागावर ती आहे, आणि २०२२ च्या एका अभ्यासाच्या हिशोबानं तिच्यामुळे जगातली धूळ ६० टक्क्यांनी कमी उडते. गुरांच्या खुरांनी ती एकदा फुटली की पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात.

"मंग बोर्डो लावू का नोको?" मामांनी घरी आल्यावर विचारलं.

लावा, असं मी सांगितलं. डिंक्या खरा शत्रू आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, हवीच. त्यातल्या मोरचुदानं तिथलं दगडफूल मरेल, त्याला इलाज नाही. पण त्याच्या वर चट्टे दिसले म्हणून तारेच्या ब्रशनं घासू नका. झाड मरगळलं असेल तर मुळं पाहा, पाण्याचा निचरा पाहा.

निघायच्या आधी मी मामेबहिणीच्या मुलीला घेऊन पुन्हा त्या झाडाशी गेले. चार फुटांच्या वरच्या एका चट्ट्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरला आणि तिनं मार्करनं त्याची कड गिरवली. कोपऱ्यात तारीख घातली, झाडाची ओळ आणि नंबर लिहिला. तो तुकडा तिच्या विज्ञानाच्या वहीत आहे. पुढच्या श्रावणात ती तोच चट्टा पुन्हा गिरवणार आहे.