टोबीचा चौथा: कुठं अडला, कुणी अडवला

'टोबीवाला चौथा', म्हणजे टोबी मॅग्वायरचा कधीच न आलेला चौथा स्पायडरमॅन सिनेमा, हा विषय बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पस्तिशीतल्या मंडळींत अजून निघतो. पहिल्या तीन भागांबद्दल इथं सांगत बसत नाही. तिसरा भाग ४ मे २००७ ला, ऐन सुट्टीत लागला. हिंदी, तमिळ, तेलुगूत होताच, चक्क भोजपुरीतही होता. मराठीत नव्हता. कन्नडमध्येही नव्हता, कारण परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करायचे नाहीत हा तिथल्या चित्रपटसृष्टीचा अलिखित दंडक साठच्या दशकापासून चालत आलेला. त्यामुळे आमच्याकडे मराठी आणि कन्नड पोरं एकाच रांगेत बसून स्पायडरमॅन हिंदीत बघायची. बाहेर पडताना सायकलीचं कुलूप काढता काढता प्रश्न ठरलेला: "चौथा कवा येणार गा?"

येणार होता. तारीखसुद्धा ठरली होती, ६ मे २०११. घोळ तिथंच झाला, असं माझं मत. तारीख आधी पक्की झाली आणि पटकथा मागून धावत राहिली. एकामागून एक चार लेखक लागले. खलनायक म्हणून गिधाडासारखे पंख लावलेला म्हातारा व्हल्चर घ्यायचा होता, पण गोष्ट काही दिग्दर्शक सॅम रेमीच्या मनासारखी उतरेना. ११ जानेवारी २०१० ला सोनी स्टुडिओनं जाहीर केलं की चौथा भाग नाही, नव्या नटाला घेऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे याला सरसकट 'रद्द झाला' म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. रद्द म्हटलं की कुणीतरी वरून शिक्का मारला असं वाटतं. 'बारगळला' म्हणावं तर कुणाचाच दोष उरत नाही. दिग्दर्शकानं पुढे एका मुलाखतीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा: मनासारखी पटकथा वेळेत होत नव्हती, बरा-वाईट सिनेमा उरकण्यापेक्षा तुम्ही तुमचा रिबूट (नव्यानं सुरुवात) करा, असं त्यानंच स्टुडिओला कळवलं. आणि त्या रिबूटची तयारी आतून चालू होतीच. म्हणजे एकानं हात वर केले, दुसऱ्यानं आधीच दुसरं ताट वाढून ठेवलेलं. तिसऱ्या भागात व्हेनम हा खलनायक नको असताना गळ्यात पडला, याचा सल त्या दिग्दर्शकाच्या मनात असणार. त्या भागानं जगभरात ८९ कोटी डॉलरच्या आसपास कमावले, तरी तो स्वतः त्यावर खूश नव्हता. स्टुडिओचीही एक अडचण होती. ठरावीक मुदतीत नवा सिनेमा आला नाही तर स्पायडरमॅनचे हक्क मूळ मालक मार्व्हल कंपनीकडे परत जाणार, असा करार. थांबून चालणारच नव्हतं. एवढं सगळं धरूनही माझा कल दिग्दर्शकाकडेच आहे, ते लपवत नाही.

६ मे २०११ ही मोकळी झालेली तारीख शेवटी अमेरिकेत 'थॉर'ला मिळाली. नवा स्पायडरमॅन २०१२ मध्ये आला, तोही भारतात २९ जूनला, अमेरिकेच्या आधी. चौथ्याची काही रेखाचित्रं नंतर बाहेर आली. त्यात सुरुवातीलाच स्पायडरमॅन फुटकळ गुन्हेगारांना एकापाठोपाठ एक पकडत सुटतो. तो सिनेमा झाला असता तर स्पायडरमॅनला मार्व्हलच्या सिनेमांत आणणारा २०१५ चा स्टुडिओ-मार्व्हल समझोता त्याच वेळी, त्याच अटींवर झाला असता का, शंका आहे. टोबी मात्र डिसेंबर २०२१ मध्ये परतला, दुसऱ्याच स्पायडरमॅनच्या, टॉम हॉलंडच्या सिनेमात, पाठदुखीची तक्रार करत.

चौथा ठरल्या दिवशी आला असता, तरी बेळगावात तो हिंदीतच बोलला असता. कन्नड डबिंग अडवणाऱ्या संघटनांना दणका बसला तो २०१५ मध्ये. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी स्पायडरमॅन आला जून २०२३ ला, तोही कार्टूनमधला.