पार्श्वभूमी : ‘इन्स्टॉल’ या एका शब्दाचं भांडण

जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना: प्रोग्राम वापरा, बदला, पण दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सोबत द्या. जून १९९१ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तिसऱ्या कलमाच्या पोटात एक वाक्य आहे. ‘संपूर्ण सोर्स कोड’ म्हणजे काय, हे ते सांगतं: सगळ्या मोड्यूल्सचा सोर्स, इंटरफेसच्या व्याख्या असलेल्या फायली, आणि प्रोग्राम कंपाइल (म्हणजे सोर्सपासून मशीनला चालवता येणारी फाइल तयार) व इन्स्टॉल करण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फायली. त्या काळी इन्स्टॉल करणं म्हणजे तयार झालेली फाइल योग्य डिरेक्टरीत नेऊन ठेवणं. मशीनच ती फाइल चालवायला नकार देईल, ही शंका त्या वाक्यात कुठेच दिसत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ ज्या बिघडणाऱ्या प्रिंटरपासून सुरू झाली असं सांगतात, त्याची गोष्ट इथे पुन्हा सांगत नाही. पण त्या गोष्टीत अडवून ठेवला होता तो सोर्स. पुढे जे झालं त्यात सोर्स मिळत होता आणि तरीही हात बांधलेले होते.

१९९९ मध्ये बाजारात आलेला टीवो हा टीव्हीचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवणारा डबा लिनक्स कर्नलवर चालायचा. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि लिनक्सचं कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. कर्नलमधले बदल कंपनीने प्रसिद्ध केले, म्हणजे परवान्याची अट वरकरणी पाळली. पण पुढच्या मॉडेलांत डबा सुरू होताना सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही तपासू लागला. सही करायची किल्ली कंपनीच्या तिजोरीत. तुम्ही कोड वाचा, बदला, कंपाइल करा, पण चालवायचा तो दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर. याला ‘टीवोआयझेशन’ हे नाव पडलं आणि तेव्हापासून प्रत्येक जण ते आपापल्या अर्थाने वापरतो.

गुंता इथेच आहे. एक अर्थ असा, की बदललेलं कर्नल उपकरणावर चालतच नाही. दुसरा असा, की कर्नल चालतं, पण ते बदललेलं आहे हे ओळखून कंपनीचा स्वतःचा बंदिस्त प्रोग्राम काम थांबवतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात जीपीएलखालचा कोडच अडवला जातो. दुसऱ्यात तो मोकळा असतो, त्याच्या शेजारचा मालकी प्रोग्राम रुसून बसतो. परवान्याच्या अंमलबजावणीत वर्षानुवर्षं काम केलेल्या काहींचं म्हणणं आहे की मूळ डब्यात दुसराच प्रकार होता, आणि पहिला प्रकार तर १९९१ च्या त्या ‘इन्स्टॉल’ शब्दानेच निषिद्ध ठरतो. हे खरं मानलं तर ज्या उपकरणाच्या नावाने सगळा गदारोळ झाला, तेच उदाहरण म्हणून लंगडं पडतं. समोरची बाजू म्हणते, स्क्रिप्ट म्हणजे स्क्रिप्ट, त्यात किल्ली येत नाही. मला हे वाचन फार सोयीस्कर वाटतं. ज्या स्क्रिप्टने काहीच इन्स्टॉल होत नाही, तिला इन्स्टॉल करण्याची स्क्रिप्ट कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण अनेक वकिलांनी आपापल्या कंपन्यांना हेच वाचन सांगितलं, हेही खरं.

त्यात १९९८ च्या अमेरिकी कायद्याने तांत्रिक कुलूप फोडणं हाच अपराध ठरवला होता. कुलूप फोडून आपला कोड चालवायचा, तर कायदा आडवा येण्याची भीती.

जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा जानेवारी २००६ मध्ये आला तो या पार्श्वभूमीवर. त्यात सरळ लिहिलं होतं की बदललेला प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या किल्ल्या सोर्स कोडचाच भाग समजल्या जातील. कर्नलच्या मूळ लेखकाने याला साफ नकार दिला. सॉफ्टवेअरच्या परवान्याने सॉफ्टवेअरपुरतं बोलावं, हार्डवेअर कसं बनवायचं हे सांगू नये, मला माझ्या कोडमधले बदल परत मिळाले की पुरे, असा त्याचा सूर होता. सप्टेंबर २००६ मध्ये कर्नलच्या काही प्रमुख प्रोग्रामरांनीही विरोधाचं निवेदन काढलं. हा युक्तिवाद नेटका आहे, पण तो कोड लिहिणाऱ्याचा आहे. डबा विकत घेणारा त्यात कुठेच नाही.

मार्च २००७ च्या मसुद्यात तोडगा निघाला. किल्ली सोर्समधून बाहेर गेली आणि ‘इन्स्टॉलेशनची माहिती’ असा वेगळा शब्दप्रयोग आला. ही माहिती द्यायची ती फक्त ‘वापरकर्त्याच्या उत्पादनां’साठी, म्हणजे घरगुती, वैयक्तिक वापराच्या किंवा घरात बसवायच्या वस्तूंसाठी. ही व्याख्या अमेरिकेच्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यावरून घेतली आहे आणि शंका आली तर कौल ग्राहकाच्या बाजूने द्यायचा, असंही त्यात म्हटलं आहे. कारखान्यांतली आणि रुग्णालयांतली यंत्रं मात्र सुटली. ज्या चिपमधला कोड खुद्द कंपनीलाही बदलता येत नाही, तिलाही सूट. बदललेल्या उपकरणाला वॉरंटी किंवा अपडेट देण्याची सक्ती नाही, आणि त्याच्यामुळे नेटवर्कला बाधा येत असेल तर त्याची जोडणी तोडता येते. विरोधक हे कलम जितकं कडक असल्याचं सांगतात, तितकं ते नाही.

२९ जून २००७ ला तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. टीवोच्या कंपनीने त्या वर्षी गुंतवणूकदारांना दिलेल्या कागदपत्रांत तिची नोंद धंद्यातला धोका म्हणून केली. कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिलं. हजारो जणांच्या मालकीचा कोड, सगळ्यांची संमती आणणार कोण?

उत्पादकांनी किल्ल्या दिल्या नाहीत, तिसऱ्या आवृत्तीचा कोड टाळला. मॅकमध्ये बॅश हे शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम, वर्षानुवर्षं स्वतःच्या जुन्या ३.२ आवृत्तीवर अडकून राहिलं आणि २०१९ मध्ये आपोआप मिळणारं शेल म्हणून त्याची जागा झेडशेलने घेतली. कंपायलरही बदलला. अँड्रॉइडने कर्नल सोडून बाकी ठिकाणी शक्यतो सैल अटींचे परवाने निवडले.

दरम्यान कुलूप घालण्याची कारणं बदलली. आधी कार्यक्रमांच्या चोरीची भीती होती, मग सुरक्षा आली. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर मशीन सुरू होतानाच अडवणारं कुलूप, आलं. इंटेल पद्धतीच्या संगणकांवर ते बंद करण्याची सोय ठेवणं उत्पादकाला बंधनकारक होतं, एआरएम पद्धतीच्या चिपवर ती सोय ठेवायला मनाई होती. एकाच कंपनीची, एकाच वर्षीची ही दोन तोंडं. मग रेडिओचे नियम आले. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०१५ च्या मार्गदर्शनात उत्पादकांना विचारलं की राउटरवर डीडी-डब्ल्यूआरटीसारखं बाहेरचं फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकणं तुम्ही कसं रोखता. ओरड झाल्यावर ते शब्द बदलले. २०१६ मध्ये त्याच नियामकाने एका राउटर उत्पादकाशी २ लाख डॉलर दंडाची तडजोड केली, आणि त्यात बाहेरच्या फर्मवेअरला वाट देण्याचा प्रयत्न करण्याचं कबूल करून घेतलं.

ताजे वाद मात्र परत जुन्या वाक्यापाशी आले आहेत. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात एका टीव्ही उत्पादकावर दावा झाला तो कॉपीराइट मालकाच्या नात्याने नाही, ग्राहकाच्या नात्याने. परवाना हा करार आहे आणि सोर्स मिळणं हा खरेदीदाराचा हक्क आहे, असा त्यातला मुद्दा. २०२३ मध्ये जर्मनीत एका ग्राहकाने राउटरच्या उत्पादकाला कोर्टात खेचलं. तिथे वाद एलजीपीएल २.१ चा, म्हणजे जीपीएलच्याच थोड्या सैल भावंडाचा होता, ज्यात स्क्रिप्टचं ते १९९१ चंच वाक्य उतरलेलं आहे. उत्पादकाने राहिलेल्या स्क्रिप्ट देऊन टाकल्या आणि प्रकरण मिटलं. त्यामुळे ‘इन्स्टॉल’ या शब्दाचा अर्थ त्या खटल्यात न्यायाधीशांना सांगावाच लागला नाही.