जखमी अस्वलाचा माग : मराठवाड्यातील पार्श्वभूमी

किनवट-माहूरच्या सागवनात किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेत अस्वल जखमी झाल्याची वार्ता येते, तेव्हा चर्चा बहुधा ते कोणी जखमी केले यापाशीच थांबते. त्या जनावराच्या मागावर कोणी जायचे, केव्हा जायचे आणि कोणाच्या हुकमाने जायचे, हा प्रश्न मात्र फार जुना आहे आणि गेल्या शंभर वर्षांत या प्रदेशात त्याची उत्तरे वेगवेगळी मिळत आली आहेत.

मध्ययुगातील मृगयेविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून दख्खनच्या राजदरबारांत शिकारीचे शास्त्र मांडले गेले, आणि १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली तीही वाघाच्या शिकारीच्या निमित्तानेच, एवढे नोंदवून पुढे जाता येईल. आजच्या प्रश्नाची मुळे त्या काळात नसून हैदराबाद संस्थानाच्या शेवटच्या काही दशकांत आहेत.

त्या दशकांत बंदूक सरकारी अधिकारी, जहागीरदार आणि त्यांचे पाहुणे यांच्या हाती असे, तर माग काढण्याचे काम गोंड, कोलाम, आंध आणि पारधी यांच्याकडे असे. शिकारीच्या मंडळींमध्ये दोन संकेत सर्वत्र मान्य होते. पहिले रक्त ज्याच्या गोळीने काढले, जनावर त्याचे. आणि जनावर ज्याने जखमी केले, त्याचा निकाल लावण्याची जबाबदारीही त्याचीच. पहिल्या संकेताचा मान बंदूकधाऱ्याला मिळाला. दुसऱ्याचा भार मात्र व्यवहारात त्याच्यापुढे दहा पावले चालणाऱ्या, हातात कुऱ्हाड किंवा काठी असलेल्या माणसाने उचलला. शिकारीच्या वर्णनांतून जनावराची लांबी इंचांत सापडते. मागकऱ्याचे नाव क्वचितच सापडते. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे तेथील जुनी दप्तरे मराठवाड्याच्या इतिहासात सहसा धरलीही जात नाहीत, आणि ही उणीव अधिकच वाढते.

अस्वल हे मागकऱ्याच्या दृष्टीने अवघड जनावर आहे. त्याच्या अंगावरचे लांब, राठ केस शरीराची खरी आकृती झाकून टाकतात. मावळत्या उजेडात किंवा चांदण्यात छाती कोठे संपते आणि नुसते केस कोठे सुरू होतात, हे कळत नाही, म्हणून बार खाली जातो किंवा मागे लागतो. शिवाय केसांत रक्त मुरते. मोठी जखम झाली असली तरी पहिल्या शंभर-दीडशे पावलांत जमिनीवर थेंबही न पडणे शक्य असते, आणि अननुभवी माणूस बार चुकला असे समजून परत फिरतो. बार लागताच अस्वल बहुधा मोठ्याने ओरडते, जोडीला दुसरे अस्वल असेल तर त्याच्यावरच तुटून पडते; पण त्या ओरडण्यावरून जखम किती खोल आहे हे ठरवता येत नाही.

जाणता मागकरी म्हणूनच प्रथम बाराच्या जागी येतो. तेथे गोळीने तुटलेले केस पडले आहेत का, माती कोणत्या बाजूला उडाली आहे, पुढच्या पंजाची लांब नखे किती खोल रुतली आहेत, हे पाहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. फेसाळ, उजळ तांबडे रक्त फुप्फुसाचे असते, काळपट रक्त यकृताचे असू शकते. रक्तात मोहाच्या फुलांचा किंवा बोरांचा चोथा मिसळलेला दिसला तर गोळी पोटात लागली आहे आणि दिवस लांबणार आहे, हे उघड होते. गवताच्या काडीवर रक्त किती उंचीवर पुसले गेले आहे, यावरून जखमेची जागा ताडता येते. शेवटच्या खुणेवर डहाळी खोचून ठेवायची, मागावरून न चालता त्याच्या कडेने चालायचे, मागकऱ्याने नजर जमिनीवर ठेवायची आणि बंदूकधाऱ्याने ती समोर ठेवायची, हे नियम कोणत्याही परवान्यावर छापलेले नव्हते. मागच्या पावलाचा ठसा माणसाच्या पावलासारखा उमटतो, त्यामुळे पायवाटेवर तो गुराख्याच्या पावलांत मिसळून जातो आणि तेथे खरी परीक्षा होते. उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पानांखाली ठसा उमटत नाही, अजिंठ्याच्या बाजूच्या उघड्या खडकावर तर मुळीच नाही. अशा ठिकाणी उलटलेले पान आणि सरकलेला दगड एवढेच हाती राहते.

या सगळ्यात सर्वांत अधिक वाद झाला तो एका निर्णयावरून : बार लागल्यावर लगेच मागावर निघायचे की थांबायचे. थांबण्याच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. पाठलाग झाला नाही तर जखमी जनावर जवळच्या झाडीत बसते, रक्त वाहत राहते आणि अंग आखडते. पाठलाग सुरू झाला तर तेच जनावर जिवाच्या आकांताने कोसभर जाते आणि शेवटी जाळीत वळून उभे राहते. म्हणून अर्धा-पाऊण तास थांबावे, पोटात गोळी लागली असेल तर आणखी थांबावे, असा सर्वसाधारण उपदेश होता, आणि तो बहुतांशी हरिण आणि वाघ यांच्या अनुभवावर आधारलेला होता.

अस्वलाच्या बाबतीत मात्र डोंगरी भागातील माणसे हा उपदेश जसाच्या तसा स्वीकारत नसत, आणि त्यांचे कारण माझ्या मते अधिक वजनदार होते. जखमी अस्वल उघड्यावर बसण्यापेक्षा कपारीकडे किंवा गुहेकडे धाव घेण्याचा संभव अधिक असतो. एकदा ते खडकाच्या आत शिरले की ते बाहेर काढता येत नाही, आत जाऊन त्याचे हाल संपवताही येत नाहीत, आणि ते आत मेले की जिवंत आहे हे कळत नाही. झाडीत बसलेले जखमी जनावर कोठे आहे हे पाहण्यासाठी म्हशींचा कळप पुढे हाकण्याची रीत दख्खनमध्ये होती. कपारीपुढे तिचा काहीच उपयोग नाही.

दुसरे कारण माणसांचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो, तेव्हा अस्वल रात्री ज्या झाडाखाली फुले खाते, त्याच झाडाखाली पहाट फुटण्याआधी बायका आणि मुले टोपल्या घेऊन येतात. मोहाच्या झाडावर मचाण बांधून रात्री बार काढणारा माणूस अंधारात मागावर जाऊ शकत नाही, जाऊही नये. त्यामुळे थांबण्याचा खरा अर्थ असा होतो की, जखमी अस्वल कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसताना गावाची पहाट उजाडते. म्हणून ‘किती वेळ थांबावे’ यापेक्षा ‘रात्रीच गावात वर्दी गेली का’ हा प्रश्न मोठा ठरतो. वाद घालणाऱ्यांनी घड्याळाकडे जितके लक्ष दिले, तितके मोह वेचणाऱ्यांकडे दिले नाही, आणि जखमी अस्वलाने माणूस फाडल्यावर दोष मात्र जनावराच्या स्वभावावर ढकलला गेला.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि किनवट नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. परवान्यावरील शिकार मात्र चालूच राहिली. शिकारीचे अधिकार बदलले, मागकरी तेच राहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटण्यास सुरुवात झाली. या कायद्याने जनावराला इजा करणे हेही शिकारच मानले. तथापि काही प्रजातींसाठी परवान्याची वाट सुरुवातीला खुली ठेवली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आज अस्वल कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतरही ते तेथेच आहे. त्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. ही बंदी आवश्यक होती आणि तिच्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु जखमी अस्वले संपली नाहीत. रानडुकरासाठी लावलेले तारेचे फासे, आमिषात दडवलेले गावठी बॉम्ब, कुंपणात सोडलेली वीज आणि पीक राखणाऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीतून अंधारात सुटलेला बार, हे सर्व अस्वलालाही लागते. ठासणीचे छर्रे किंवा एलजीचे, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस अंतरावरून अस्वलाला क्वचितच जागेवर पाडते. ते जखम करते आणि जनावर निघून जाते. जुन्या संकेतानुसार ज्याने जखमी केले तो मागावर जाण्यास बांधलेला होता. आता त्याने तोंड उघडले तर तोच आरोपी ठरतो. कायद्याचे अकरावे कलम स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने केलेल्या इजेला गुन्हा मानत नाही, पण त्या वेळी कायदा मोडत असणाऱ्याला ही सवलत देत नाही. तत्त्वतः हे योग्यच आहे. व्यवहारात मात्र त्यामुळे फासा लावणारा गप्प बसतो, माग थंड होतो आणि दोन दिवसांनी कोणीतरी सरपणाला गेलेले असताना त्या अस्वलापुढे येते.

याच कलमानुसार, माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या किंवा बरे होण्यापलीकडे जायबंदी झालेल्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आणि कारणांसह देऊ शकतात. तसे करण्यापूर्वी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, याची त्यांनी खात्री करून घ्यावी लागते. यामुळे निर्णय मचाणावरून उठून कार्यालयात गेला. माहूरच्या एखाद्या नाल्यात अस्वल कण्हत असताना पशुवैद्य, पिंजरा आणि आदेश एकत्र येईपर्यंत जो वेळ जातो, तो कोणत्याही जुन्या शिकाऱ्याने सांगितलेल्या अर्ध्या तासाहून पुष्कळ अधिक असतो.

बेशुद्धीच्या इंजेक्शनाने मागाचा प्रश्न मिटलेलाही नाही. इंजेक्शन लागल्यावर अस्वल जागेवर पडत नाही; औषध चढेपर्यंत काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात ते झाडीत शिरते. गर्दीने आरडाओरडा केला तर ते अधिक बिथरते आणि औषधाचा अंमल लांबतो, म्हणून येथे शांत राहून थांबणे वैद्यकीयदृष्ट्याच आवश्यक ठरते. थांबून झाल्यावर मात्र कोणीतरी उलटलेल्या पानांवरून पुढे जावेच लागते, कारण बेशुद्ध जनावर वेळेत सापडले नाही तर ते उन्हात, पाण्यात किंवा तोंड दबून मरू शकते. हे काम आजही बहुधा त्याच वस्त्यांतील माणसे रोजंदारीवर करतात. त्यांच्या प्रशिक्षणाची, विम्याची आणि पंचनाम्यात त्यांच्या कामाच्या नोंदीची मागणी गोळी झाडण्याच्या परवानगीइतकीच ठामपणे मांडली गेली पाहिजे.