प्रेशर वॉशर घेताना: बार, लिटर आणि कोकणातलं पाणी

प्रेशर वॉशरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक आकडा बारचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा असतो. साफसफाईचा छोटा धंदा सुरू करणारा माणूसही दुकानात तोच आधी विचारतो आणि निवड तिथेच चुकते. दाबाचं काम चिकटलेली घाण सोडवण्याचं. सुटलेली घाण वाहून नेतं ते पाणी. होमस्टेचं अंगण असो, लाल मातीनं माखलेला डंपर असो की मासळी उतरवून झालेली जेटी, दिवसभरात काम किती उरकणार हे गनमधून मिनिटाला किती लिटर पाणी पडतं यावर जास्त अवलंबून असतं.

हे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का, ते बघायला एक छोटं गणित पुरतं. बारला मिनिटाच्या लिटरनी गुणा आणि ६०० नी भागा. उत्तर येतं ते पाण्यात उतरलेली ताकद, किलोवॅटमध्ये. १३० बार आणि १० लिटरचं मशीन म्हणजे १३०० भागिले ६००, साधारण २.२ किलोवॅट. मोटर आणि पंप दोघांतही काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे विजेकडून घेतलेल्या ताकदीपैकी सुमारे ७० टक्केच पाण्यात पोचते. म्हणजे या मशीनला ३ किलोवॅटच्या थोडी वर वीज लागणार. आता खोक्यावर १८०० वॅट, २०० बार आणि १० लिटर असं एकत्र छापलं असेल तर हिशोब करून बघा: पाण्यात ३.३ किलोवॅट हवेत आणि मोटर घेते जेमतेम १.८. हे शक्यच नाही. अशा खोक्यावर बारचा आकडा बहुधा गन बंद असतानाच्या कमाल दाबाचा असतो आणि लिटरचा आकडा मोकळ्या नळीचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. दुकानदाराला वर्किंग प्रेशर आणि त्याच दाबाला मिळणारा रेटेड फ्लो विचारावा. तो सांगता येत नसेल तर ते मशीन धंद्यासाठी घेऊ नये.

घरगुती जोडणीची मर्यादा याच गणितातून कळते. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३.७ किलोवॅट मिळतात, म्हणून सिंगल फेजवर १२० ते १३० बार आणि १० लिटर हीच व्यवहारातली वरची हद्द. १५० बार आणि १५ लिटर हवे असतील तर पाण्यातच पावणेचार किलोवॅट लागतात. त्यासाठी थ्री फेज हवी, नाहीतर इंजिन. बाजारात सर्रास मिळणारं १९६ सीसीचं साडेसहा एचपीचं पेट्रोल इंजिन साधारण १६० बार आणि १२ लिटर पेलतं. जेटीवर, बागेत, बांधकामाच्या जागी, जिथे वीज हाताशी नाही तिथे त्याला पर्याय नाही. मात्र बंद गोदामात किंवा तळघरात ते चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कोसळेपर्यंत कळत नाही. ज्याचं बहुतेक काम घरं, होमस्टे आणि गाड्यांचं आहे, त्यानं सिंगल फेजचं १० लिटरचं चांगलं मशीन घ्यावं. मोठा बार दाखवणाऱ्या हलक्या मशीनपेक्षा ते दुप्पट काम देतं.

किनाऱ्यावरच्या गावांत विजेचा त्रास वेगळाच. लाइनच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरलेलं आढळतं. इंडक्शन मोटरचं, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचं, वळणबळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. २३० ऐवजी १९० मिळाले की बळ उरतं ६८ टक्के. मोटर गुणगुणते, फिरत नाही, करंट खेचत राहते आणि वाइंडिंग जळतं. त्यात स्वस्तातली १ चौरस मिमीची एक्स्टेन्शन वायर लावली तर ३० मीटरमध्ये १५ अँपिअरला आणखी १६ व्होल्ट जातात. २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर लावली तर तेच नुकसान सात व्होल्टच्या आत राहतं. वायर रीळावर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नये, आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. मशीन सुरू करताना गनचा ट्रिगर दाबून ठेवावा. पंपावर दाब नसला की मोटरला उठायला सोपं जातं.

पाण्याचा हिशोब करताना आधी बादली आणि घड्याळ घ्यावं. मशीनच्या गरजेच्या दीडपट पाणी नळाला हवं. १० लिटरच्या मशीनसाठी २० लिटरची बादली ८० सेकंदांत भरली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती भरत नाही. मग ५०० लिटरची टाकी गाडीत सोबत ठेवावी लागते. ती सलग ट्रिगर दाबला तर ५० मिनिटं पुरते, प्रत्यक्षात मधल्या थांब्यांमुळे दीड तासाच्या आसपास. टाकी पंपापेक्षा उंचावर ठेवावी आणि पंपापर्यंतचा पाइप किमान पाऊण इंची असावा. पंपाला पाणी कमी पडलं की आतला दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. पुढच्याच क्षणी दाब चढतो, ते बुडबुडे फुटतात आणि फुटताना व्हॉल्व्हच्या धातूवर बारीक खड्डे पाडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज आला आणि गन धडधडू लागली की मशीन तिथेच बंद करावं. आधी फिल्टर बघावा, मग पाइपचा पीळ आणि मग जोडणीतून हवा ओढली जातेय का ते.

एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. ते पाणी नाइलाजानं वापरलं तर काम संपल्यावर पाच मिनिटं गोडं पाणी पंपातून फिरवल्याशिवाय मशीन ठेवू नये. समुद्राचं पाणी मात्र साध्या पंपात अजिबात नको. अॅल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे पंपाच्या ज्या भागातून पाणी जातं त्याला, मीठ एका मोसमात खातं, म्हणून किनाऱ्यावर पितळी हेडचाच पंप घ्यावा.

पंपाच्या आत काय आहे, हे वजनावरून बरंचसं कळतं. हलक्या मशीनमध्ये तिरकी चकती फिरून पिस्टन ढकलते आणि बहुधा ब्रशवाली मोटर मिनिटाला हजारो फेरे मारत ओरडत असते. आठवड्यातून एकदा गाडी धुणाऱ्याला ते चालतं. रोज चार-पाच तास चालवायचं असेल तर क्रँकशाफ्टवर चालणारा तीन प्लंजरचा पंप, सिरॅमिक प्लंजर आणि १४४० फेऱ्यांची इंडक्शन मोटर हवी. असं मशीन एकट्यानं गाडीत चढवणं कठीण असतं, पण त्याचं सील बदलता येतं, व्हॉल्व्ह बदलता येतो, ऑइल बदलता येतं. पहिलं ऑइल ५० तासांनी बदलावं, पुढे कंपनी सांगेल त्या अंतरानं. ऑइलच्या काचेत दुधी रंग दिसला तर सीलमधून पाणी आत शिरलंय. त्या दिवशी काम थांबवलं तर खर्च फक्त सील किटचा. तसंच रेटलं तर बेअरिंग जातं. ट्रिगर सोडल्यावरही मोटर चालू असते तेव्हा तेच पाणी पंपात गोल गोल फिरून तापतं. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त तसं ठेवलं तर सील शिजतात. ट्रिगर सोडताच मोटर आपोआप थांबवणारी सोय असलेलं मशीन मिळालं तर उत्तम, पण त्यात एखादी जोडणी गळत असेल तर मोटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत राहते आणि तिचं स्टार्टर स्विच जातं.

नोझल हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळा १५ अंशांचा पंखा, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा साबणासाठी. ३० सेंमी अंतरावर पिवळ्याचा पट्टा साधारण ८ सेंमी रुंद पडतो, हिरव्याचा १३ आणि पांढऱ्याचा २२. पाणी तेवढंच, जागा जास्त, म्हणून मार हलका. रंगाइतकाच महत्त्वाचा भोकाचा नंबर: १३० बार आणि १० लिटरला ०४ नंबर बसतो, १५० बार आणि १५ लिटरला ०५५. लहान बसवलं तर दाब चढून जादा पाणी परत फिरवणारा बायपास व्हॉल्व्ह सारखा उघडतो, मोठं बसवलं तर दाबच बनत नाही. गाळाच्या पाण्यानं भोक झिजतं. त्याचा व्यास १० टक्क्यांनी वाढला की दाब सुमारे ३० टक्क्यांनी पडतो. मशीन म्हातारं झालं असं वाटून लोक पंप खोलतात, दोष नोझलचा असतो. म्हणून दाब पडला की पहिल्यांदा नवं नोझल लावून बघावं. होजचंही, म्हणजे पंपापासून गनपर्यंतच्या नळीचंही तसंच: १० लिटरला ३० मीटर लांबीत ८ मिमी आतल्या व्यासाची होज ५ बार खाते, ६ मिमीची २० बारच्या वर.

आता जांभा, म्हणजे इथला लाल दगड, कारण कोकणात निम्मं काम त्याच्यावरच असतं. गणपतीआधी पायऱ्या, खळं आणि गडगे स्वच्छ हवे असतात आणि त्याच वेळी पावसानं सगळीकडे शेवाळ धरलेलं असतं. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. हवा लागून त्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये पिवळट माती भरलेली असते. १३० बारला पाणी नोझलमधून सेकंदाला सुमारे १६० मीटर वेगानं, म्हणजे ताशी ५८० किमीनं निघतं. ही धार जवळून मारली की कडक साल उडते, पोकळ्यांतली माती निघते आणि जिना एका दिवसात वीस वर्षं जुना दिसू लागतो. पुढच्या पावसात उघड्या पडलेल्या भोकांत शेवाळ दुप्पट जोमानं धरतं. पांढरं नोझल, ६० ते ८० बार आणि हातभर अंतर एवढंच जांभ्याला झेपतं. आधी कोपऱ्यातल्या एका चिऱ्यावर मारून बघावं. पाणी लालसर वाहू लागलं तर दगड निघतोय.

शेवाळ उडवण्यापेक्षा आधी मारणं महत्त्वाचं. नुसत्या धारेनं वरचा हिरवा थर जातो, छिद्रांत रुतलेला भाग राहतो आणि महिन्याभरात परत फुटतो. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळालं तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी, म्हणजे सुमारे १ टक्क्याचं द्रावण. सकाळच्या सावलीत ते हातपंपानं फवारावं, १० ते १५ मिनिटं ओलं राहू द्यावं आणि मग हलक्या दाबानं धुवावं. हे द्रावण प्रेशर वॉशरच्या पंपातून कधीच ओढू नये, सील आणि पितळ दोन्ही खराब होतात. त्यात टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो. उतार विहिरीकडे असेल तर आधी बांध घालून पाणी दुसरीकडे वळवावं, नाहीतर हायपोक्लोराइट वापरूच नये. तुळस आणि पोफळीच्या रोपांना आधी साध्या पाण्यानं भिजवून झाकावं. शहाबादी फरशी चुनखडीची असते, तिच्यावर आम्ल टाकलं की ती खरवडली जाते आणि परत तशी होत नाही.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना प्रेशर वॉशर लावूच नये. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि धारेनं त्याचे तंतू सुटून फुप्फुसात जातात. असं काम गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी नाकारावं. कौलांवर खालून वर धार मारली तर पाणी थेट माळ्यावर उतरतं.

बोटींचं काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत मिळतं. बुडाला चिकटलेले बार्नॅकल (कडक कवचाचे छोटे समुद्री जीव) बोट ओढून वर घेतल्या घेतल्या, ओले असतानाच धुवावेत. वाळले की ते सिमेंटसारखे धरतात आणि मग पट्टीनंच खरवडावे लागतात. बुडाच्या रंगात तांबं असतं, त्यामुळे ते पाणी खाडीत सोडू नये.

हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या चिकट तेलासाठी गरम पाण्याचं मशीन मोहात पाडतं. मिनिटाला १० लिटर पाणी २८ अंशांवरून ८० ला न्यायला ३६ किलोवॅट लागतात. ते डिझेलच्या बर्नरशिवाय होत नाही आणि तासाला चार लिटरच्या आसपास डिझेल जातं. नियमित कंत्राट हातात आल्याशिवाय त्यात पडू नये. तोवर डीग्रीझर लावून दहा मिनिटं थांबणं पुरतं.

१३० बार आणि १० लिटरला गन हाताला पावणेतीन किलोचा मागचा धक्का देते. शिडीवर उभं राहून हा धक्का सांभाळता येत नाही, त्यासाठी लांब लान्स (गनपुढची नळी) घ्यावा. जोडणीला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवंच. धार कातडीतून आत गेली तर वरून टाचणीएवढी जखम दिसते, आत मात्र पाणी आणि घाण खोलवर पसरलेली असते. तिला मलमपट्टी करून घरी बसू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं आणि जखम उच्च दाबाच्या धारेची आहे हे स्पष्ट सांगावं.

मशीन घेताना दुकानातच पाणी जोडून दहा मिनिटं चालवून घ्यावं आणि गन एका बादलीत एक मिनिट सोडून लिटर मोजावेत. सील किट, व्हॉल्व्ह किट, बायपास व्हॉल्व्ह आणि दोन नोझल त्याच दिवशी सोबत घ्यावेत. ऐन गणपतीच्या तोंडावर सील गेलं आणि ते कुरिअरनं यायचं असेल तर चार दिवसांचं काम जातं. बहुतेक घरगुती मशीनची वॉरंटी धंद्याच्या वापराला लागू नसते, कार्डावर ते वाचून घ्यावं. आणि होज किंवा गन वेगळ्या दुकानातून घेतली तर एम-२२ (२२ मिमी आट्यांच्या) जोडणीचा आतला व्यास मोजावा. तो १४ आणि १५ मिमी अशा दोन मापांत येतो, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आटे बसतात, पण दाब आला की गळतात.